चावी नसलेला चक

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, ड्रिल चकची चावी असायची. टी अक्षरासारखी, बोटभर लांब, टोकाला दाते असलेली. चकमध्ये, म्हणजे मशीनच्या ड्रिल धरणाऱ्या तोंडात, ड्रिल घट्ट बसवायचं तर ही चावी चकच्या कडेच्या भोकात घालून फिरवायची, तिन्ही भोकांतून, सारख्याच जोरानं. तिच्या वजनानं काकांचा खिसा कायम खाली ओढलेला असे आणि काकू त्याला आतून दुहेरी कापड लावून देत.

मला काका आवडत नसत. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की दोन माणसांचं फार सख्य होतं आणि मग बिनसलं. तसं काही नव्हतं. ते वडिलांचे कारखान्यातले सोबती. दोघं एकाच मशीन शॉपमध्ये, एकाच शिफ्टला, आणि कारखान्याच्या पिपलानी वसाहतीत आमच्या क्वार्टरच्या बरोबर वरच्या क्वार्टरमध्ये. आम्ही उज्जैनचे, ते नागपूरकडचे. माझ्या डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी पेढे घेऊन मला वर पाठवलं. काकांनी पेढा हातात धरून मला विचारलं, "ड्रिलला धार लावता येते का तुले?" मी नाही म्हणालो. "मंग पास कशात झाला?" असं म्हणून त्यांनी पेढा खाल्ला.

धार लावायला मला त्यांनीच शिकवलं, हेही खरं. गच्चीवर त्यांचा एक हाताने फिरवायचा ग्राइंडर होता. ड्रिलच्या टोकाला दोन ओठ, म्हणजे कापणाऱ्या कडा, असतात. ते दोन्ही सारख्या लांबीचे घासले तर भोक मापात येतं. एक ओठ जरा जरी लांब राहिला तरी ड्रिल वळवळतं आणि भोक मोठं होतं. माझा एक ओठ नेहमी लांब राहायचा. "मनगट कायले वळवतोस शेवटी?" ते मागून म्हणायचे. दोन उन्हाळे मी ते ऐकलं.

पुढे मी गोविंदपुऱ्यात शेड घेऊन छोटं युनिट टाकलं. कारखान्याला लागणाऱ्या लोखंडी प्लेटांना भोकं पाडून द्यायची, हे मुख्य काम. त्याच सुमारास कारखान्यात स्वेच्छानिवृत्ती निघाली आणि काकांनी ती घेतली. आनंद नगरात त्यांनी घर बांधलं होतंच. वडील म्हणाले, "त्याला तुझ्याकडे घे. त्याची भोकं तपासावी लागत नाहीत." कारखान्यात हे खरंच सगळे म्हणायचे. इन्स्पेक्टर इतरांच्या दहातल्या दोन प्लेटा बघायचे, काकांच्या ढिगावर नुसता शिक्का मारायचे. काकांना पदक नव्हतं, बढती नव्हती, मूल नव्हतं. त्यांच्याकडे हे एक वाक्य होतं.

मी त्यांना घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात पस्तावलो.

कारखान्याचा एक नियम त्यांच्या अंगात भिनलेला होता. चकमध्ये चावी विसरून बटण दाबलं तर चावी गोळीसारखी उडते, म्हणून चावी आधी खिशात, मग बटण. इथवर ठीक. पण काका ती मशीनजवळ ठेवायलाच तयार नसत. जेवायला जाताना खिशात, घरी जाताना खिशात. म्हणजे काका नसले की ती मशीन बंद. बाकी कोणी ड्रिल बदलू शकत नसे. मी साखळीनं चावी मशीनला बांधली. दुसऱ्या दिवशी साखळी तिथेच, चावी त्यांच्या खिशात.

"काका, हे युनिट माझं आहे," मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो.

"हाव. अन् भोक माझं आहे," ते म्हणाले. लेथवाले हसले. कोणावर हसले ते मला माहीत होतं.

मग ते पुतणीच्या लग्नाला आठ दिवस नागपूरला गेले आणि चावी सोबत घेऊन गेले. माझ्याकडे अर्जंट काम आलेलं. बाजारातून दुसरी चावी आणली, तिचे दाते बसेनात. ते आठ दिवस मी त्या बंद मशीनकडे बघत काढले. त्यातल्याच एका दिवशी मी ठरवलं की चावीच नको.

बिनचावीचे चक तेव्हा नवे घ्यायची माझी ऐपत नव्हती. कबाडखान्यात, भंगारच्या ढिगात मिळायचे, मोठ्या कारखान्यांच्या लिलावातून आलेले. हाताने बाहेरचं कडं फिरवलं की जबडे मिटतात आणि ड्रिल लोखंडात घुसायला लागलं की तोच जोर चकला आणखी घट्ट करतो. आपोआप. शिकाऊ माणूससुद्धा दोन सेकंदांत ड्रिल बदलतो. मला तेच हवं होतं.

काका परत आल्यावर मी त्यांना मुद्दाम सोबत नेलं. म्हणजे त्यांना समजावं.

कबाडीनं तीन चक पोत्यावर मांडले. ग्रीस लावून असे फिरत होते की जणू कालच बनवले. काकांनी त्याच्याचकडून रॉकेल मागितलं आणि तिन्ही चक बुचकळून धुतले. कबाडी म्हणाला, "चाचा, दुल्हन देख रहे हो या चक?" काका म्हणाले, "दुल्हन का तो घूंघट ही रहता है. तुम तो मुँह पर ग्रीस पोतते हो." मग त्यांनी एकेकाचे जबडे पूर्ण मिटवले आणि उजेडासमोर धरले. तिन्ही टोकं एका ठिकाणी मिटतात का, मधून फट दिसते का. कडं हळूहळू फिरवून कान लावला, आत कुठे कचकच लागते का. दोन चक त्यांनी घ्यायचे म्हणून बाजूला ठेवले. तिसऱ्याच्या कड्यावर बोट फिरवत ते थांबले.

"पाह्य. पाइप पान्याचे दात."

कड्यावर खरंच चार-पाच तिरपे व्रण होते. हाताने उघडायचा चक कोणी पाइप पान्यानं उघडला, म्हणजे तो आत जाम झालेला होता. जाम झालेला चक जबरदस्तीनं उघडला की आतले आटे ताणतात आणि जबडे पुन्हा कधी मधोमध येत नाहीत. हे त्यांनी मला कबाड्यासमोर, चांगलं सविस्तर, शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. "हा टाकून दे," म्हणाले.

मी तिन्ही घेतले.

त्यांनी टाकून दे म्हटलं नसतं तर मी तो कदाचित तिथेच सोडला असता. सगळे गेल्यावर युनिटमध्ये मी तो चक मशीनवर चढवला, त्यात गुळगुळीत पिन धरली, डायल गेज, म्हणजे डोल मोजायचं काट्याचं यंत्र, टेकवून हाताने स्पिंडल फिरवला. काटा एका बाजूला पंधरा घरं गेला आणि परत आला. दोन-तीन घरं चालली असती. काकांचं बरोबर होतं. मी डायल डब्यात घालून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. मग कानस घेऊन कड्यावरचे ते व्रण घासले, वरून एमरी पेपर मारला. अर्ध्या तासात कडं चकचकीत झालं. दोन चांगले चक मी दुसऱ्या दोन मशीनवर लावले आणि तिसरा काकांच्या मशीनवर.

असं का केलं याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधलं. उत्तर साधंच आहे. मला ते चुकलेले बघायचे होते.

सकाळी त्यांनी नवा चक पाहिला, कड्यावर बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं. "पावडर लावली का बे याले?" म्हणाले. मी म्हणालो, "तुमच्यासाठी खास." त्यांनी चावी खिशातून काढली, पुसली आणि पुन्हा खिशात ठेवली. पुढे रोज ती तशीच खिशात असायची, काही कामाची नसताना.

लहान भोकं त्या चकवर कशीबशी चालायची. काका ड्रिल तीनदा धरायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे, त्यातल्या त्यात सरळ बसेल असं. मला वाटायचं, नाटक करतात.

मग तपासणीचा दिवस आला. कारखान्याच्या कायमच्या पुरवठादारांत नाव लागायचं तर आमच्या शेडमध्ये, आमच्या मशीनवर, इन्स्पेक्टरसमोर प्लेटा करून दाखवायच्या होत्या. आलेला इन्स्पेक्टर ग्वाल्हेरचा मराठी गृहस्थ. कारखान्यात अॅप्रेंटिस असताना तो वर्षभर काकांच्या हाताखाली होता. आल्या आल्या काकांच्या पाया पडला. काका म्हणाले, "राहू दे. गेज आणलं का?"

गेज म्हणजे दोन टोकांची पिन. एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. काकांनी केलेल्या पहिल्या प्लेटमध्ये दुसरं टोकही गेलं, म्हणजे भोक मोठं. दुसऱ्या प्लेटमध्येही. काका चकच्या कड्याकडे बघत राहिले. इन्स्पेक्टरनं घड्याळ पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "हे बघा, जेवण करून येतो. मशीनमध्ये दोष निघाला तर मला तुमचे कागद थांबवावे लागतील. वर्ष-दीड वर्ष पुन्हा विचार होत नाही. आदमी की गलती असेल तर लॉट रिजेक्ट, पुन्हा करून दाखवा, बस." तो मला वाट दाखवत नव्हता. नियम सांगत होता. वाट मी काढली.

तो गेला. काका फाटकाजवळ कडुनिंबाखाली डबा उघडून बसले. बाकीचे पलीकडे. मी त्यांच्या मशीनपाशी गेलो, चकचं कडं हाताने फिरवलं आणि ड्रिल काढून घेतलं. दोन सेकंद लागले. जुना चक असता तर ते ड्रिल मला काढताच आलं नसतं, चावी कडुनिंबाखाली त्यांच्या खिशात होती. मी ग्राइंडरवर गेलो आणि एक ओठ जरासा घासला, म्हणजे दुसरा लांब राहिला. ड्रिल पुन्हा चकमध्ये लावलं, कडं घट्ट केलं आणि हात धुऊन जेवायला बसलो. जेवलोही.

इन्स्पेक्टर आल्यावर काका म्हणाले, "डायल लावा. चक डोलतो."

"डायल कॅलिब्रेशनला गेलाय," मी म्हणालो. तो माझ्या खणात होता. काकांनी एकदा खणाकडे पाहिलं.

"चक तर चांगला दिसतोय, काका," इन्स्पेक्टर कड्यावरून हात फिरवत म्हणाला. "ड्रिल बघू."

काकांनी कडं फिरवून ड्रिल काढलं आणि न बघताच त्याच्या हातात दिलं. ते त्यांनी सकाळी स्वतः घासलेलं होतं, बघायची गरज नव्हती. इन्स्पेक्टरनं ते खिडकीकडे धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग हळू म्हणाला, "काका, ओठ लहानमोठे आहेत."

काकांनी ड्रिल घेतलं. चष्मा वर सारला, डोळ्याजवळ नेलं. तेव्हा त्यांचा चेहरा पडला वगैरे काही नाही. ते वाचत होते, एखादं ओळखीचं हस्ताक्षर वाचावं तसं.

"हा माझा हात नाही," ते म्हणाले.

"मग कोणाचा?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आता काय, चक सगळ्यांचाच आहे. कोणीबी उघडावं."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. त्यानं सरळ विचारलं, "मशीन की हाथ?"

"हात," मी म्हणालो. "वय झालं त्यांचं. मी बऱ्याच दिवसांपासून बघतोय. वडिलांचे मित्र, म्हणून बोललो नाही." हे शेवटचं वाक्य कोणी मागितलेलं नव्हतं. ते मी माझ्याकडून घातलं.

काकांनी डबा पिशवीत ठेवला, सायकल काढली आणि गेले. माझ्याशी ते पुढे सतरा-अठरा वर्षं बोलले नाहीत.

मी दुसऱ्याच दिवशी दुकानातून उधारीवर नवाकोरा चक आणून त्यांच्या मशीनवर लावला. भोकं मापात आली, नाव लागलं. आणि पिपलानीपासून आनंद नगरापर्यंत कळलं की काकांचा हात गेला. पुरवठादार, इन्स्पेक्टर, निवृत्त लोक, सगळे एकाच भाजीबाजारात जाणारे. काका दुसऱ्या एका युनिटमध्ये लागले. तिथे त्यांना ड्रिलवर ठेवलं नाही, पॅकिंगवर ठेवलं. प्लेटांना तेल लावून कागदात गुंडाळायचं. दुसऱ्यांनी पाडलेली भोकं. वडिलांनी मला एकदाच विचारलं, "खरंच त्याची चूक होती?" मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि वर्तमानपत्र उघडलं. त्यांना पटलं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्याच मनात काकांबद्दलचा राग वाढत गेला, हे सांगितलं तर विचित्र वाटेल. ते रस्त्यात दिसले की मला वाटायचं, हा माणूस भांडत का नाही, घरी येऊन तमाशा का करत नाही. त्यांचं गप्प राहणं मला खुन्नस वाटायचं. खुन्नसच होती ती.

वडील गेले तेव्हा दहाव्याला काका आले. सायकल सुटली होती, काठी आली होती. पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना फाटकापाशी मला म्हणाले, "तुझ्या बापाले सांगतलं होतं का तू?"

"नाही."

"बरं केलं," ते म्हणाले. त्यात दया नव्हती.

पुढच्या रविवारी मी आनंद नगरला गेलो. काकूंनी दार उघडलं आणि मला बघून आत निघून गेल्या. काका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डायल, कानस, ग्राइंडर.

"मले काय सांगतोस? मले त्याच दिवशी माहीत होतं. शेवटी मनगट वळवलेलं होतं." त्यांनी घसा साफ केला. "मले सांगून तुझं पोट हलकं होईल. माझं काय होईल? ज्याच्यासमोर बोलला, त्याले सांग."

"सांगतो. तुम्ही मला..."

"मी तुले माफबीफ करणार नाही. तो माल माझ्याकडे नाही. जा आता."

इन्स्पेक्टर निवृत्त होऊन शाहपुऱ्यात राहत होते. तिथे जायला मला आणखी तीन महिने लागले. त्यांनी मला आदरानं बसवलं, चहा आला. मी सांगत गेलो तसा त्यांचा चहा कपातच राहिला. संपल्यावर ते म्हणाले, "मी त्यांच्या पाया पडलो होतो त्या दिवशी. आणि नंतर चार जणांना मीच सांगितलं की काकांचं आता काही खरं नाही. तुमच्या एका शब्दावर." मग म्हणाले, "तुम्ही फार हलके निघालात." त्यांनी तिथेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी ऐकावं म्हणून.

"काका, मी बोलतोय. युनिटवाले माझ्यासमोर बसलेत, सगळं सांगताहेत. मी चुकलो. ज्यांना ज्यांना बोललो त्यांना मी स्वतः फोन करतो."

पलीकडून काकांचा आवाज आला. "त्यातले किती जिवंत आहेत?"

"दोघं असतील, काका."

"कर त्यांना." मग ते म्हणाले, "तो आहे का तिथं?"

"आहे."

"त्याले विचार, तो चक कुठं आहे."

आठवायची गरज नव्हती. नवा चक घेतला त्याच आठवड्यात मी जुना कबाड्याकडे घेऊन गेलो होतो आणि बदल्यात ड्रिलांचा जुना संच उचलला होता. कबाड्यानं कडं फिरवलंसुद्धा नाही. "आप तो इंजीनियर आदमी हैं, आपने चलाया है तो ठीक ही होगा." मी हो म्हणालो होतो. चकचकीत कड्याचा तो चक त्यानं ओळीत सगळ्यात पुढे मांडला.

"विकला," मी फोनजवळ तोंड नेऊन म्हणालो. "चांगला सांगून."

"म्हंजे अजून कोणावर तरी आळ घेऊन राह्यला तो," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी नंतर माझा एकही फोन घेतला नाही. इन्स्पेक्टरांनी दोघांना फोन केले. एकाला काका आठवत होते.

मी आता महिन्यातून एकदा-दोनदा कबाडखान्यात जातो. त्या कबाड्याचा मुलगा गादीवर बसतो. जुने बिनचावीचे चक आले की मी रॉकेल मागतो, धुतो, जबडे मिटवून उजेडासमोर धरतो. डायल सोबत नेतो. डोलणारा चक निघाला तर विकत घेतो आणि घरी आणून हातोड्यानं जबडे फोडतो. आतापर्यंत अकरा फोडले. त्यांतला तो कुठला होता, होता की नव्हता, मला सांगता येत नाही. ओळख पटावी अशी एकच खूण त्याच्यावर होती आणि ती मी माझ्या हाताने घासून काढली होती.